भुलीविना

सुलोचनाला मूल होईना म्हणून जागेश्वरनं धुरपताला तिच्यावर सवत म्हणून आणलं, तेव्हापासून सुलोचना आतल्या आत जळत होती.

धुरपता बाळंतपणात अडली. करडी गावाहून बैलगाडीनं दवाखान्यात नेलं, तर भूल देणारे डॉक्टर नागपूरला गेलेले. "पोट सुयांनी बधिर करून सिझर करते, तरी दुखेल. हिला घट्ट धरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जागेश्वर बाहेर पळाला, म्हणून सुलोचनानंच धरलं. धुरपता किंचाळत होती आणि सुलोचनाला त्या वेदनेचाही हेवा वाटत होता.

बाळ घेऊन सुलोचना बाहेर आली. "पोरगा हाय ना?" एवढंच विचारून जागेश्वर पेढे आणायला धावला.

सुलोचना आत परतली तेव्हा धुरपतानं तिला क्षीण आवाजात विचारलं, "बाई, माह्याबद्दल काही इचारलं का जी त्यायनं?"

 

"हो वं," सुलोचना म्हणाली. "पयले तुह्याबद्दलच इचारलं."