खालची ओळ

"नाव टाका, बटण दाबा, माणूस हजर!" अमृत म्हणाला.

कारखान्याच्या पीएफ ऑफिसात त्याने कॉम्प्युटर मांडला होता. निवृत्त कामगारांची आणि मयत कामगारांच्या विधवांची पेन्शन सांभाळायला सॉफ्टवेअर घ्यायचं होतं. नाशिकवाल्यांचं काल पाहून झालं होतं. ते दर वेळी पासवर्ड मागायचं, म्हणून विभागप्रमुख आबासाहेब वैतागले होते. आज पुण्याच्या कंपनीकडून अमृत आला होता. दाखवायला बरं म्हणून त्याने ऑफिसच्या यादीतलीच काही खरी नावं, खरे पत्ते आत भरले होते.

"म्हणजे कुणीही बघू शकतं?" भारतीने विचारलं. पेन्शनची खिडकी तीच सांभाळायची.

"कुणीही. कटकटच नाही."

"हे ब्येस," आबासाहेब म्हणाले. "लोकं खिडकीशी ताटकळत न्हाई ऱ्हानार."

"मग आमच्या चांगुणाचा पत्ता काढा की."

दारात सहादेव उभा होता. तो आधीही खिडकीवर येऊन गेला होता, आणि भारतीने त्याला परत पाठवलं होतं. भाऊ वारल्यावर त्याने भावजयीला, चांगुणाला, घरात कोंडून मारहाण केली होती. ती पळाली. नवा पत्ता द्यायला आली तेव्हा तिने भारतीसमोर नुसते तळहात उघडले होते. भाजलेले.

अमृतला यातलं काही ठाऊक नव्हतं. गिऱ्हाईक समोर पाहून त्याची बोटं केव्हाच चालू झाली होती. यादी उघडली.

"बंद करा ते!" भारती ओरडली आणि कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर आडवी उभी राहिली.

सहादेवने पाठीमागचा हात पुढे आणला. हातात ऊसतोडीचा कोयता होता. दुसऱ्या हाताने त्याने भारतीची वेणी पकडली आणि तिचं कपाळ लोखंडी कपाटावर आपटलं. आबासाहेब खुर्चीतून उठले, तशी कोयत्याची मूठ त्यांच्या तोंडावर बसली. ते भिंतीला धरून खाली सरकले. भारतीने टेबलाखाली वाकून वायर ओढायला हात घातला. कोयता तिच्या मनगटाच्या वर बसला. ती किंचाळलीसुद्धा नाही, फक्त खाली बसली. रक्त फरशीवरून अमृतच्या बुटापर्यंत आलं.

"घरची बाई घरात पायजे," सहादेव म्हणाला. त्याला धाप लागली होती. पडद्याकडे पाहून त्याने डोळे बारीक केले. "विंग्रजी हाय हे. वाच."

पातं अमृतच्या गळ्याला लागलं.

पडद्यावर चांगुणा होती. गाव पुणतांबा. अमृतने भारतीकडे पाहिलं. तिने मान हलवली. नको.

"राजूर," अमृत म्हणाला. "तालुका अकोले. बाजारतळाच्या मागे, मारुतीच्या देवळाशेजारी." कुठेही न अडखळता त्याने वाचलं.

"खरं का वो, सायेब?"

आबासाहेबांनी ओठांवरचं रक्त पुसलं. "खरं हाय."

जाता जाता सहादेवने कोयता पडद्यात घातला. काच फुटून खोलीभर उडाली. बाहेर मोटरसायकलला किक बसली, आवाज फाटकापलीकडे गेला.

कारखान्याच्या दवाखान्यातले डॉक्टर धावत आले आणि तिथेच भारतीच्या हाताला टाके घालू लागले. अमृत भिंतीला टेकून एकदम हसायला लागला, मग रडायला.

"वाचली," तो म्हणाला. "बाई वाचली!"

"राजूर कसं सुचलं तुम्हाला?" भारतीने विचारलं.

"सुचलं कुठं? डोकंच चालेना. खालच्या ओळीत होतं, ते वाचलं."

भारतीने डॉक्टरांच्या हातातून हात ओढून घेतला. "खालची ओळ कुणाची?"

अमृतचं हसू गेलं. "छबूबाई... असं काहीतरी."

"एकट्या राहतात त्या," ती म्हणाली. "साहेब, फोन."

आबासाहेबांना फुटक्या तोंडाने बोलता येईना. त्यांनी राजूरच्या पोलीस चौकीचा नंबर फिरवला, बोलली भारती. पलीकडच्या हवालदाराने सगळं ऐकून घेतलं. बाईला उचलून आणतो, रस्त्यावर माणसं लावतो, म्हणाला.

मग वाट पाहणं. जीप दाराशी लागली होती, पण भारती दवाखान्यात जायला तयार होईना. अमृत वाकून काचा गोळा करत होता.

"ऱ्हाऊ द्या त्या," आबासाहेब कसेबसे म्हणाले. "तुमचं यंत्र घेऊन जावा. नाशिकवाल्यांना हो म्हनून कळवतो."

अमृतने मान हलवली आणि काचा गोळा करत राहिला.

फोन वाजला तेव्हा भारतीनेच उचलला.

"सापडला," हवालदार म्हणाला. "गावाबाहेरच धरला, कोयत्यासकट. पण बाई, ह्या छबूबाईला जरा समजावा तुम्ही. आमचं काही ऐकून घेत न्हाई."

रिसीव्हर हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मग नुसता श्वास.

"पेन्शनीच्या बाई का?"

"हो छबूबाई, भारती बोलतेय."

"चुलीपुढून वडून आनली मला. भाकर तव्यावर ऱ्हायली. पोलिसाच्या गाडीत घातली, समद्या बाजारानं बघितलं." म्हातारीने आवाज खाली आणला. "लेकी, म्या काय केलं गं?"

भारतीने चांगल्या हाताने रिसीव्हर अमृतपुढे धरला.