शेजारणीचं गाणं

शेषाद्री अय्यर रचनेच्या शेवटच्या ओळीशी आले आणि बांधापलीकडून भाताच्या रोवणीला आलेल्या बायकांनी ती ओळ त्यांच्या तोंडातून उचलली.

आंबागडच्या त्या अंगणात चेन्नईहून आलेल्या एक विदुषी बसल्या होत्या. कर्नाटक संगीतातल्या अप्रसिद्ध रचना गोळा करत त्या गावोगाव हिंडत. अय्यर खाणीच्या कचेरीतून निवृत्त झाले आणि बायकोच्या गावातच राहिले. भाषा तमिळ, रचना तेलुगू, घरातलं भांडण इथल्या झाडीबोलीत. बाहेरचं कुणी मुद्दाम ऐकायला आलं, ते आज पहिल्यांदा. म्हणून त्यांनी सगळ्यात लाडकी रचना काढली होती. लेक स्वाती सासरी गेली, घर रिकामं झालं, तेव्हा देवीवर केलेली. रोज पहाटे ते ती अंगणात म्हणत. शेवटच्या ओळीत रिवाजाप्रमाणे आपलं नाव गुंफलं होतं, ‘शेषदास’.

बायकांनी चाल हरकतींसकट उचलली होती. शब्द मात्र त्यांचे स्वतःचे होते, आणि ‘शेषदास’च्या जागी ‘शेजारीण’ होती.

“शेजारीण माही, सांगजो मायले, लेक येऊन राहिली…”

विदुषींनी घाईघाईनं मोबाइल पुढे केला. “म्हणजे चाल तुम्ही इथल्या लोकगीतावरून घेतलीत,” त्या तमिळमध्ये म्हणाल्या. “किती जुनं आहे हे?”

अय्यरांचे कान तापले. त्यांनी रोवणीतल्या चंदाला हाक मारली. शेतात गाण्याची सुरुवात नेहमी तीच करायची. चिखलानं भरलेल्या पायांनी ती बांधावर येऊन उभी राहिली.

“काहून वो चंदा, हे गाणं कोनं शिकवलं तुमाले?”

“शिकवन कोन, बाबूजी? माह्या आजीच्या आजीपासून चालत आलं हाये.” मग जरा सांभाळून घेत ती म्हणाली, “तुमीबी बरंच म्हणता. शब्द तेवढे चुकते तुमचे.”

अय्यरांची बायको पुष्पाबाई दारात उभी होती. ती डोळ्यांनी खुणावत होती, सांगा की खरं.

“काय म्हणते ती?” विदुषींनी विचारलं.

अय्यरांनी चंदाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर शंकेचा मागमूस नव्हता. मग ते तमिळमध्ये दोनच वाक्यं बोलले. विदुषींनी चंदाला हात जोडले, चपला काढल्या आणि सरळ बांधावर गेल्या. दुपारभर त्या तिथंच बसल्या. अय्यरांच्या बाकीच्या रचना पोटातच राहिल्या.

गाडी गेली तशी पुष्पाबाई उसळली. “काय सांगितलं तुमी तिले?”

“चंदा बोलली तेच.”

“अन् तुमचं नाव? जन्मभर कोनी इचारलं नाई, आज दारात आलं तं दुसऱ्याले देऊन टाकलं. येडे झाले का तुमी?”

अय्यर तंबोऱ्याला गवसणी घालत होते. पुष्पाबाईनं पाहिलं, तर म्हातारा गालातल्या गालात हसत होता.

“अवो, आजीच्या आजीपासूनचं म्हणते चंदा. तेवढ्यासाठी लोकाइले मरून शंभर वर्षं थांबा लागते. माहं जितेपणीच झालं.”