एकोणीस नंबर

लेकीला शाळेत शिकवायचं की घरी, यावर आईनं वर्षभर डोकं शिणवलं. शेवटी वर्गाच्या बाईंनीच हात टेकले. “ती वर्गात असून नसल्यासारखी. शेजारी कोण बसलंय, याचाही पत्ता नसतो तिला.” आईनं लेकीचं नाव शाळेतून काढून टाकलं.

पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आईनं वही उघडली. एरवी अवाक्षर न काढणाऱ्या लेकीनं ती मिटली, ताठ उभी राहिली आणि हजेरी सुरू केली, एकेका मुलाच्या हुबेहूब आवाजात. एक नंबर बोबडा, सात नंबर घोगरा, बारा नंबरला तर हसूच आवरेना. अठरा झाले आणि ती थांबली.

“एकोणीस? तो तुझाच नंबर ना गं?” आईनं विचारलं.

“गैरहजर,” ती म्हणाली आणि वीस नंबरच्या आवाजात ओरडली, “हजर, बाई!”