उलटी वकिली

"पुन्हा मागे घ्या," बायको म्हणाली. नवऱ्याने क्लिप परत पहिल्यापासून लावली.

एकोणीस सेकंद. ओढ्याच्या काठाने काळंभोर, केसाळ काहीतरी दोन पायांवर चालत आलं, क्षणभर झाडाला पाठ टेकून उभं राहिलं आणि चढ चढून झाडीत शिरलं. ऊन लख्ख, चित्र स्वच्छ. तेवढं तोंड मात्र फांदीच्या सावलीत. लॅपटॉपशेजारचा चहा केव्हाच गार झाला होता, आणि चहाच्या बाबतीत दोघंही एरवी फार कडक होती.

रानमाणूस आहे यावर नवऱ्याचा वीस वर्षं विश्वास होता, आणि तो नाही यावर बायकोचा. समोर काही हललं की आपोआप सुरू होणारे अकरा कॅमेरे त्याने जंगलात झाडांना बांधले होते. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या बॅटऱ्या बदलायला गेला आणि घोटा मोडून घेऊन आला, तेव्हा बायकोने शब्द घेतला: पन्नास क्लिपा तपासायच्या, पन्नासावीतही रानमाणूस निघाला नाही तर सगळे कॅमेरे उतरवायचे. आतापर्यंतच्या एकोणपन्नासांत बरीचशी अस्वलं निघाली होती, एक जळका बुंधा निघाला होता, आणि एकदा तर लांब कोट घातलेला, पाठमोरा, तो स्वतःच निघाला होता. ही पन्नासावी.

तपासायची रीतही बायकोचीच. ज्याचा विश्वास आहे त्याने विरुद्ध बोलायचं, ज्याचा नाही त्याने बाजूने. नाहीतर तुम्हाला वाळत घातलेल्या सतरंजीतही रानमाणूस दिसेल, असं तिचं म्हणणं होतं. त्यामुळे ज्याची वीस वर्षं वाट पाहिली, त्यालाच खोटं पाडायची पाळी सकाळपासून नवऱ्यावर आली होती.

"अस्वल आहे," तो म्हणाला. म्हणताना त्याचा जीव तुटत होता.

"अस्वल उभं राहतं, चार पावलं टाकतं आणि खाली येतं. हे उभ्याने चढ चढून गेलंय!"

"मग माणूस. केसाळ कपडे घातलेला."

"काहीतरीच!" बायको फिजिओथेरपिस्ट होती. अपघातातून उठलेल्यांना पुन्हा चालायला शिकवण्यात तिची निम्मी हयात गेली होती. "सोंग घेतलेला माणूस पाय आपटतो. हे सरावाने चालतंय. वजन कमरेतून कसं खाली उतरतंय बघा. असे गुडघे मी जन्मात बघितले नाहीत."

"उंची फक्त पाच फूट सात इंच. मी तिथे जाऊन काठी उभी करून मोजलीय." तो जमीन मोजणीतून निवृत्त झालेला, त्याच्या मोजमापावर कधी कोणी बोट ठेवलं नव्हतं. "रानमाणूस कसा आठ फूट तरी हवा."

"कोणी ठरवलं आठ फूट? तुम्हीच ना?" ती खुर्चीवरून उठली होती. "अहो, हे खरं आहे! काय आहे ते मला नाही सांगता येत, पण हे खरं आहे!"

वकिली करता करता वकीलच फितूर झाला होता. नवऱ्याने आता गप्प बसलं की झालं. वहीत 'अनोळखी प्राणी' असं लिहायचं, खाली दोघांनी सही करायची. कॅमेरे जागच्या जागी राहिले असते.

पण मोजणीतल्या माणसाला एक खूण तपासायची राहिली तरी घास गोड लागत नाही. त्याने क्लिप एकेक चित्र करत पुढे सरकवली आणि झाडापाशी थांबवली.

"उजवा हात दिसतोय. डावा कुठेय?"

"अंगाआड असेल."

"अगं, समोर तोंड करून उभं आहे ते. अंगाआड कसा जाईल?"

दोघांची डोकी पडद्याला भिडली. सकाळपासून तो उंची बघत होता आणि ती पाय. हात कोणी मोजलेच नव्हते. डावा कोपरापाशीच संपत होता. उजव्याचा पंजा आत मुडपलेला होता, जमिनीवर टेकण्याच्या कामाचा नव्हता. नवऱ्याने अजून पुढे सरकवलं. चढावर एकाच चित्रात तोंड सावलीबाहेर आलं होतं. लांब नाक, गोल कान.

"अस्वलच आहे," तो हळूच म्हणाला. "पुढचे दोन्ही पाय निकामी. म्हणून..."

"म्हणून ते असं चालायला शिकलं," ती म्हणाली.

त्याने वही ओढली. पन्नास आकड्यापुढे 'अस्वल' लिहिलं, सही केली. फार वाईट वाटलं त्याला. इतक्या जवळ आपण कधीच आलो नव्हतो, आणि खोडा घातला तोही आपणच.

"उद्या जाऊन कॅमेरे उतरवून आणतो," तो म्हणाला. "शब्द म्हणजे शब्द."

तिचं लक्ष नव्हतं. क्लिप पुन्हा लावून ती पुटपुटत पावलं मोजत होती.

"माझ्याकडे माणसांना सहा-सहा महिने लागतात," ती म्हणाली. "दोन्ही बाजूंनी दांडे, मागे मी. तरी रडतात, मला शिव्या घालतात. याला कोणी शिकवलं असेल हो?"

"अगं, पण तो रानमाणूस नाहीये."

"खड्ड्यात गेला तुमचा रानमाणूस!" तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. अस्वल चित्राबाहेर गेलं त्या कोपऱ्यावर तिने बोट ठेवलं. "इथून वर गेलंय हे. तिकडे आपला एकही कॅमेरा कसा नाही?"