कोणी वापरत नाही

स्क्रीनवरचे सगळे टिक हिरवे होते, तरी चित्त थाऱ्यावर येईना. मी उठले, बसले, पुन्हा तपासलं. काहीतरी बिनसलं होतं, एवढं नक्की.

सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या सॉफ्टवेअरच्या भांडारातली जुनाट वर्णनं दुरुस्त करायचं आणि तिथल्या पॅकेजेसना, म्हणजे तयार प्रोग्रॅम्सना, उगाच जोडलेल्या गोष्टी काढायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलंय. काल मजकूर वाचून दाखवणाऱ्या पॅकेजला जोडलेला एक जुना मराठी आवाज मी काढून टाकला. त्याच्या वर्णनात स्वच्छ लिहिलं होतं: ‘प्रायोगिक. कोणी वापरत नाही.’

चहा टाकायला गेले आणि लख्खकन कळलं. घरात आज भांडण नव्हतं.

दिसेनासं झाल्यापासून अण्णा, माझे सासरे, कॉम्प्युटरकडून पेपर वाचून घेतात. तो क्रिकेट आणि निधनवार्ता एकाच सुरात वाचतो, आणि अण्णा रोज त्याच्यावर खेकसतात, “अरे, माणूस गेलाय! जरा हळू वाच.”

मी धावतच त्यांच्या खोलीत गेले. अण्णा हात मांडीवर ठेवून नुसतेच बसले होते.

“सकाळी अपडेट घेतला आणि बोलेनासाच झाला गं. म्हटलं, तू कामात आहेस, कशाला हाक मारा.”

काढलेला आवाज मी परत जोडला आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर पुन्हा अपडेट घेतला. थोड्याच वेळात आतून ओरडा आला, “अरे, हळू!”

वर्णनातलं ते वाक्य मी खोडलं आणि लिहिलं: ‘रोज वापरात. एक माणूस याच्याशी भांडतो.’