मागची पंगत

“इथं नाई,” तंबूच्या मागून बाहेर येत माय म्हणाली. “त्याच्या गोबीत अळ्या हायेत.”

आनंदमेळ्यातलं हे तिसरं हॉटेल. त्र्याऐंशीचा डिसेंबर होता. नाचणगावहून पाच माणसं पहाटेच्या पॅसेंजरनं नागपूरला आली होती. कोकिळा, तिचा थोरला भाऊ चंद्रभान, वडील रूपराव, आत्या शालूबाई आणि माय. कोकिळेला जूनमध्ये शाळेत नोकरी लागली होती. सहल तिनंच काढली होती. जादूचे आरसे पाहून झाले, मोटारसायकलचा खेळ पाहून झाला. आता सगळ्यांना भूक लागली होती.

हॉटेलांच्या पाट्या मायला वाचता येत नव्हत्या. ती सरळ मागं जायची आणि भाजीची टोपली पाहायची. वीस वर्षं ती पुलगावच्या बाजारात आपल्या मळ्यातली वांगी विकत होती. सांजेला उरलेला, मऊ पडलेला माल कोण उचलून नेतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“ओ बाई, जेवाले आल्या का झडती घ्याले?” हॉटेलवाला ओरडला.

“झडतीच घेतली. तुह्यं वांगं देठापाशी दाबून पाय. बोट आत जाते.”

“हिच्या पारखीनं आज साऱ्यायले उपास घडते,” रूपराव म्हणाले. शालूबाई खळखळून हसली.

कोकिळा हसली नाही. शाळेतलं कुणी भेटलं तर, असं तिला वाटत होतं. “माय, लोक पाहून राह्यले,” ती दबक्या आवाजात म्हणाली.

“पाहू दे. पोट आपलं हाय.”

आकाशपाळण्याच्या पलीकडे, ताडपत्रीखाली, मनकर्णाबाई नावाची एक बाई भाकरी थापत होती. माय तिच्या टोपलीशी वाकली. तिनं एक वांगं उचललं आणि झटकन बोट तोंडात घातलं.

“पहाटेचीच तोडली, बाई,” मनकर्णाबाई म्हणाली. “काटे ताजे हायेत.”

माय लहान पोरीसारखी हसली. “बसा इथं,” तिनं सगळ्यांना हाक मारली. “हे खरी जागा.”

बाकावर चौघं मावत होती. चौघं बसली. “मी मांगून बसीन,” माय म्हणाली. घरीही तसंच होतं. तिनं सगळ्यांची ताटं एकदा नजरेखालून घातली, कोकिळेच्या ताटात भरीत अजून वाढायला सांगितलं आणि पाळण्याकडे पाहिलं. तिथली रांग वाढत चालली होती. “तवर रांगेत जागा धरून ठेवीन. तुमी सावकाश जेवा.”

चौघं सावकाश जेवली. चंद्रभाननं चार भाकरी खाल्ल्या. रूपरावांनी ठेचा दोनदा मागून घेतला. बाहेर येऊन पाहतात तर माय रांगेत पुढे पोचलेली. तिथूनच हात उंच करून बोलावत होती. पाळण्यातही चौघांचीच जागा. माय खाली चपला सांभाळत उभी राहिली. पाळणा वर गेला की ती एवढीशी दिसायची, खाली आला की तिचा वर केलेला चेहरा. कोकिळेनं एकदा हात हलवला. मायनं दोन्ही हात हलवले, चपलांसकट.

मग गाडीची वेळ झाली. सगळी धावतच स्टेशनवर आली. घरी पोचल्यावर माय चूल न पेटवता आडवी झाली. थकली असेल, असं सगळ्यांना वाटलं. सकाळी उजाडताच ती मळ्यात गेली. वांग्याला पाणी देता देता वाफ्यातच बसली आणि उठली नाही.

दहाव्या दिवशी वर्धा नदीच्या काठी चंद्रभाननं पिंड ठेवला. सगळे मागं सरले. समोरच्या बाभळीवर सात-आठ कावळे होते. एकही खाली येईना. गेलेल्या माणसाचं काही मनात राहिलं असलं की कावळा शिवत नाही. मग जवळच्यांनी ते ओळखायचं आणि मोठ्यानं बोलून दाखवायचं.

“मळा मोडणार नाई, धुरपता,” रूपराव म्हणाले. तिचं नाव त्यांनी चारचौघांत पहिल्यांदाच घेतलं.

“माय, विहीर बांधून घेतो,” चंद्रभान म्हणाला.

“वयनी, कोकीचं लगन माह्याकडं लागलं,” शालूबाईनं पदर डोळ्यांना लावला.

कावळे बसूनच होते. ऊन वर आलं. वाळू तापू लागली.

“कोके, तू सांग,” शालूबाई म्हणाली. “मेळ्यात तिनं काही मागतलं होतं का? काय रायलं तिचं?”

मायनं काहीच मागितलं नव्हतं. कोकिळेनं तो दिवस पुन्हा पाहिला. कुणाच्या ताटात काय होतं, सगळं आठवलं. पाचवं ताट आठवेना. घरी मागून म्हणजे सगळे उठल्यावर, चुलीपाशी, उरलंसुरलं घेऊन. ते कुणी पाहत नसे, पण ते होत असे. मेळ्यात मागून असं काही नव्हतंच. मागून पाळणा होता, मग गाडी होती. गाडीत मायनं विचारलं होतं, “भरतात मीठ बराबर होतं नं?” कोकिळा मासिक वाचत होती. मान वर न करता ती “हो” म्हणाली होती.

ती पुढे झाली. पिंडापासून हातभर अंतरावर वाळूत बसली. काय कबूल करायचं ते सगळ्यांनी करून झालं होतं. तिच्याजवळ तसं काही नव्हतं. बावीस वर्षांत एकदाही न विचारलेलं तिनं मोठ्यानं विचारलं.

“माय, तू जेवली का वं?”