दुप्पट वाराची अट

वहिनीने फासा टाकला. दोन पडले. दोनाच्या वाराने राक्षसाच्या अंगावर ओरखडाही उठायला नको होता, पण एवढा धिप्पाड राक्षस जागच्या जागी आडवा झाला.

"मेला?" शिंप्याने विचारलं.

"मेला," धाकटा पुठ्ठ्याच्या आडोशामागून म्हणाला आणि राक्षसाची सोंगटी त्याने घाईघाईने उचलली.

खेळ धाकटाच चालवायचा. राक्षस त्याचे, गुहा त्याच्या, नियमही त्यानेच बसवलेले. शिंपी तिरंदाज, औषधांच्या दुकानातले काका जादूगार. दोघंही लांबूनच लढायचे. जवळ गेले की गेलेच म्हणून समजा. वहिनी चोर, आणि तिचा नवरा, म्हणजे थोरला, पैलवान. ही जोडी जमली की बाकीच्यांनी माश्या मारत बसायचं. "या चोराला आवरा बुवा," शिंपी कुरकुरायचा, "आम्ही काय टाळ्या वाजवायला येतो?" शेवटी धाकट्याने तोल साधायला अट घातली. चोराचा वार आधीसारखाच दुप्पट लागेल, पण शत्रूच्या पलीकडच्या घरात आपला माणूस उभा असेल तरच. थोरल्याने पैलवान उचलला आणि पलीकडे नेऊन ठेवला. "घे, मार," म्हणाला. अटीने काडीचाही फरक पडला नाही. उलट वहिनी जास्तच खुलली.

पुढे थोरला दूरच्या शहरात कामाला गेला. काम लांबलं, फोन आटले. वहिनी दर रविवारी पैलवानाची सोंगटी पटाशेजारी आणून ठेवायची आणि एकटीच राक्षसावर चालून जायची. चोराचा वार म्हणजे आता डास चावल्यासारखा. दर खेपेला ती मरता मरता वाचायची.

"वहिनी, काढून टाकू का ती अट?" धाकट्याने विचारलं होतं.

"नको भावजी. हे आले की यांना काही काम नको का?"

मग एका रविवारी खेळ ऐन रंगात असताना थोरल्याचा फोन आला. धाकट्याने तो गॅलरीत जाऊन घेतला. थोरल्याने तिकडे दुसरा संसार थाटला होता. तो परत येणार नव्हता. "तिला तूच सांग," म्हणाला. सांगायला धाकट्याची जीभ रेटेना. एवढ्या मायेने वागवणाऱ्या बाईला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? "ऑफिसचा फोन होता," असं म्हणून तो पुन्हा खेळायला बसला. त्या दिवसापासून आडोशामागे तो गुपचूप राक्षसांची ताकद उतरवू लागला. साप मरावा आणि काठीही तुटू नये, एवढाच त्याचा हिशेब. निदान इथे तरी तिने मार खाऊ नये.

आजचा खेळ संपल्यावर शिंपी आणि काका उठून गेले. वहिनी पट आवरायला लागली.

"भावजी, हा राक्षस पूर्वी यांच्या गदेलाही दाद देत नव्हता."

"नशीब तुमचं," धाकटा म्हणाला.

"दोन पडले होते." तिचा आवाज शांत होता. "हे येतील असं तुम्हाला वाटत होतं, तोवर तुम्ही मला मार खाऊ दिलात. गॅलरीतल्या त्या फोननंतर राक्षस हलके झाले."

धाकट्याने पुठ्ठ्याचा आडोसा मिटून बाजूला ठेवला. त्याला तिच्याकडे बघवेना.

वहिनीने पैलवानाची सोंगटी उचलली. पदराने पुसली. मग डब्यात अगदी तळाशी ठेवली आणि वर बाकीच्या सोंगट्या ओतल्या.

"पुढच्या रविवारी राक्षस पुऱ्या ताकदीचा ठेवा," ती म्हणाली. "आणि ती अट काढून टाका."